गाडी नापास झाली, आंदोलन कशाचे करायचे?



आपल्या जिल्ह्याची प्रचाराची गाडी पासिंगला नापास झाली. कारण : ब्रेक. गाडी तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. नऊ वर्षांची पिकअप. सभेच्या दिवशी तिच्यावर कर्णा बांधलेला असतो, बाकीच्या दिवशी तीच गाडी टोमॅटो आणि भाजीपाला घेऊन कसारा घाट उतरते.

त्या दिवशी कार्यालयाच्या पट्टीवर निरीक्षकाने गाडी पळवली आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली. हँडब्रेक ओढून ठेवला तरी गाडी पुढे सरकत होती. निरीक्षक म्हणाला, "ब्रेक नाहीत. करून आणा." फाटकाबाहेर एजंट उभाच होता. "ब्रेक करायची गरज नाही दादा, संध्याकाळपर्यंत कागद हातात देतो," असे म्हणून त्याने आकडाही सांगितला.

संध्याकाळी कार्यकर्त्यांची बैठक बसली आणि तिथे तीन मते पडली. पहिले मत, एजंटला पैसे देऊन मोकळे व्हा, परवा सभा आहे. दुसरे मत, कार्यालयावर मोर्चा न्या, शेतकऱ्याच्या गाड्या मुद्दाम नापास करतात. तिसरे मत एका शिकलेल्या तरुण कार्यकर्त्याचे. तो म्हणाला, "सरकारने आपल्या धंद्यात ढवळाढवळ करू नये असे आपण म्हणतो, मग गाडी आपली, जीव आपला, ही पासिंगची भानगड हवीच कशाला?" आम्ही तिन्ही मतांच्या विरोधात बोललो. काहीजण रागावले. म्हणून हा लेख.

आधी मिस्त्रीकडे काय दिसले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी गाडी तालुक्याच्या गॅरेजात उघडली. मागच्या उजव्या चाकाचा ड्रम काढला, तर लायनर तेलाने चिंब. एक्सलचे सील गेले होते आणि गिअरचे तेल झिरपत लायनरवर आले होते. पुढच्या उजव्या कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला होता. म्हणजे उजव्या बाजूला ब्रेक जवळजवळ नव्हताच, सगळा भार डाव्या बाजूवर. गाडी डावीकडे का ओढत होती ते कळले. हँडब्रेकची केबल गंजून खोबणीत बसली होती. ब्रेक ऑइल काढले तर ते काळ्या चहासारखे. शेवटचे कधी बदलले, ड्रायव्हरला आठवेना, आम्हांलाही आठवेना.

याच गाडीतून तीन आठवड्यांपूर्वी अकरा कार्यकर्ते मुंबईच्या धरणे आंदोलनाला गेले होते, मागे हौद्यात बसून. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, हेही आम्ही लपवत नाही. त्या अकरांत दोन बहिणी होत्या. एकीच्या मांडीवर मूल होते. घाट उतरताना उजव्या बाजूने ब्रेक नव्हता आणि आम्ही घोषणा देत होतो. त्या दिवशी काही झाले नाही याचे श्रेय आमच्या व्यवस्थेला नाही, निव्वळ नशिबाला आहे. निरीक्षकाने नापास केले नसते, तर पुढच्या फेरीलाही आम्ही तसेच गेलो असतो.

मग मोर्चा कुणावर न्यायचा? ज्याने खरे सांगितले त्याच्यावर?

आता एजंटचे मत घेऊ. कागद मिळतो, यात शंका नाही. पण कागदाला लायनर नसते. नियम सांगतो की ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. म्हणजे ३० ला जेमतेम पास होणाऱ्या गाडीला ६० च्या वेगात ५२ मीटर लागतात. त्यात ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरा, त्या सेकंदात गाडी आणखी १६-१७ मीटर गेलेली असते. सगळे मिळून सत्तर मीटरच्या आसपास, तेही पास झालेल्या गाडीचे. नापास गाडीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

शिवाय पट्टीवर आपण गाडी रिकामी नेतो. दीड टन क्षमतेच्या गाडीत वीस किलोचे ७५ क्रेट बसतात. आपण भरतो किती? भाव चढले की १२० भरतो, वर पोरगा बसवतो. रिकामी असताना जी गाडी सरळ थांबत नाही, ती अडीच टनांनी घाटात कशी थांबेल? एजंट या प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्याचे काम फाटकापाशी संपते, आपला घाट तिथून पुढे आहे.

घाटात काय होते तेही समजून घ्या. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे नवे ऑइल २०५ अंश सेल्सिअसच्या पुढे उकळते. तेच पाणी शोषलेले असेल तर १४० च्या आसपासही उकळू शकते. लांब उतारावर ब्रेक दाबून धरला की ड्रम तापतात, ऑइल उकळते, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल एकदम फरशीला टेकते. ड्रायव्हर वाचलाच तर म्हणतो, "ब्रेक फेल झाले." ब्रेक त्या क्षणी फेल झालेले नसतात. ज्या दिवशी ऑइल बदलायचे टाळले, त्या दिवसापासून ते फेल होत आलेले असतात. त्यात डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणारे शहाणे आपल्यात कमी नाहीत. काहीजण तर इंजिनही बंद करतात. इंजिन बंद केले की बूस्टरची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. चार रुपयांच्या डिझेलसाठी हा सौदा कोणता व्यापारी करील?

आता तिसरे मत, स्वातंत्र्याचे. ते आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण त्यात आपल्या चळवळीचा आत्मा आहे. माझा माल मी कुठे विकावा, कोणते बियाणे पेरावे, हे सरकारने सांगू नये, असे आपण म्हणतो आणि म्हणत राहू. तो निर्णय चुकला तर नुकसान माझे होते. ब्रेकचे तसे नाही. माझा ब्रेक लागला नाही तर समोरून शाळा सुटून येणारी पोरगी जाते. तिने माझ्या स्वातंत्र्यावर सही केलेली नाही. शेजाऱ्याच्या बांधावर आग लावायचे स्वातंत्र्य आपण कधी मागितले नाही, मग हे कसे मागायचे? रस्ता सामायिक आहे. सामायिक विहिरीवर जसे नियम असतात, तसे इथेही असणार.

तेव्हा तपासणी हवी. कडक हवी. पण याचा अर्थ आज जी तपासणी चालते तिला आम्ही पास केले असा कुणी घेऊ नये. आमचे भांडण इथून सुरू होते.

मोटार वाहन अधिनियम १९८८, कलम ५६. योग्यता प्रमाणपत्र नाकारले तर नाकारण्याची कारणे मालकाला लेखी दिली पाहिजेत, असे हे कलम स्पष्ट सांगते. आम्ही खिडकीवर जाऊन लेखी कारण मागितले. उत्तर आले, "असे कुणी मागत नाही." कुणी मागत नाही म्हणून द्यायचे नाही, हा कोणता कायदा? आम्ही शेतीचे शिक्षण घेतले, माती तपासायला शिकलो. माती परीक्षणाचा अहवाल "जमीन नापास" असा कधी येत नाही. सामू किती, स्फुरद किती, पालाश किती, आकडे येतात. सोयाबीनच्या बियाण्याची उगवण ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते प्रमाणित होत नाही. तिथेही आकडा आहे, आणि त्या आकड्यावर शेतकरी भांडू शकतो. मग गाडीच्या मालकाला "ब्रेक नाहीत" या दोन शब्दांवर का पाठवता? कोणते चाक, डावे की उजवे, पुढचे की मागचे, किती कमी, हे सांगितले तर मिस्त्रीचे निम्मे काम होते. सांगितले नाही तर एजंटचे पूर्ण काम होते. भ्रष्टाचार या मोकळ्या जागेत उगवतो. आकडा लिहिला की ती जागा बंद होते.

हे न होण्यासारखे नाही. रोलरवर गाडी चढवली की प्रत्येक चाकाचा ब्रेक किती जोर लावतो आणि डाव्या-उजव्यात किती फरक आहे, हे यंत्र सांगते. केंद्र सरकारने स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ साली केले. अवजड गाड्यांसाठी १ एप्रिल २०२३ आणि हलक्या गाड्यांसाठी १ जून २०२४ अशा मुदती ठरल्या, मग दोन्ही १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत पुढे गेल्या. आपल्या राज्यात तर ब्रेक तपासायला २५० मीटरची साधी पट्टी असावी यासाठीही लोकांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. ज्या खात्याला आपली पट्टी वेळेवर आखता आली नाही, ते शेतकऱ्याला उशिराचा दंड सांगते!

आणि फेऱ्यांचा हिशेब? नवी मालवाहू गाडी पहिली दोन वर्षे सुटते, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, त्यानंतर दरवर्षी. म्हणजे ज्याची ऐपत जुनी गाडी घेण्याची, त्यालाच फेऱ्या जास्त. जुन्या गाडीला तपासणी जास्त लागते, हे आम्ही मान्य करतो. पण एकदा नापास झाल्यावर पुन्हा तारीख घ्यायची, पुन्हा जिल्ह्याला जायचे, तोवर तोडणीला आलेला माल शेतात. योग्यता प्रमाणपत्राशिवाय गाडी कायद्याने नोंदणी नसल्यासारखी. रस्त्यावर काढली तर दंड, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. या कात्रीत सापडलेला माणूस एजंटकडे पळतो. त्याला आम्ही चोर म्हणणार नाही. पण त्याला शहाणाही म्हणणार नाही.

जाता जाता उसाच्या ट्रॉल्यांबद्दल. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, आणि कित्येक ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. सगळा ऊस ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांनी अडवायचा. कारखाना वजन मोजतो, ब्रेक मोजत नाही. दर हंगामात कुणाच्या तरी घरी अंधार होतो आणि आपण भरपाईसाठी धरणे धरतो. भरपाई मागणे रास्तच आहे. त्याआधी ट्रॉलीला ब्रेक मागणे जास्त रास्त आहे.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही दोन याद्या ठेवत आहोत. एक सरकारसाठी, एक आपल्यासाठी.

सरकारकडे मागणी :
(१) नापास केलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाला जागेवरच लेखी कारण द्यावे, चाकनिहाय.
(२) जिथे ब्रेकचे यंत्र आहे तिथे त्याच्या आकड्यांची प्रत मालकाला मिळावी. जिथे नाही तिथे ते बसवावे.
(३) केवळ ब्रेकवर नापास झालेल्या गाडीची फेरतपासणी आठ दिवसांत व्हावी, आणि तालुक्याच्या शिबिरात व्हावी.
(४) ऊस वाहतुकीचा करार करताना ट्रॉलीचे ब्रेक तपासण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकावी.

आपल्यासाठी :
(१) हंगामापूर्वी चारही चाके उघडून पाहावीत. लायनर, पॅड बदलताना एका बाजूचे बदलू नये, जोडीने बदलावेत.
(२) ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदलावे आणि तारीख दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहावी.
(३) घाट ज्या गिअरात चढतो त्याच गिअरात उतरावा. न्यूट्रल बंद.
(४) चळवळीच्या कार्यक्रमाला मालगाडीच्या हौद्यात बसून कुणी येऊ नये. माणसे कमी आली तरी चालतील.
(५) एजंटला पैसे देऊन पासिंग केलेली गाडी चळवळीच्या कामाला लावू नये.

पाचवे कलम अनेकांना टोचेल. बैठकीतच एकाने विचारले, "आजवर आपल्या गाडीचे पासिंग कसे झाले होते?" प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की गेल्या वर्षीचे पासिंग एजंटमार्फत झाले होते, आणि ते आम्हांला माहीत होते. आम्ही तेव्हा गप्प बसलो. ते सील बहुधा तेव्हाच झिरपायला लागले असावे.

गाडी दुरुस्त झाली. दुसऱ्या तारखेला पट्टीवर सरळ थांबली, कागद मिळाला, एजंटशिवाय. पहिल्या नकाराचे लेखी कारण मात्र अजून मिळालेले नाही. त्यासाठीचा अर्ज आम्ही दिला आहे, पोच घेतली आहे. मेळाव्याला येताना ज्यांच्या गाड्या नापास झाल्या आहेत त्यांनी आपापले अर्ज लिहून आणावेत. पाच अर्ज कचऱ्यात जातील. पाचशे अर्जांना खिडकीवरचा माणूस "असे कुणी मागत नाही" म्हणू शकणार नाही.

मोर्चा निघेल. पण आधी प्रत्येकाने आपला ड्रम उघडून यायचे.