दगडाखालचे साक्षीदार

नदीचं पाणी चांगलं आहे की नाही, हे कसं ओळखाल? "बघून!" असंच म्हणाल ना? पण नितळ पाणीसुद्धा फसवतं. बाटलीत भरून तपासायला नेलं, तरी बाटली त्या एका वेळेचंच सांगते. रात्री कुणी नदीत घाण सोडली आणि सकाळपर्यंत ती वाहून गेली, तर बाटलीला पत्ताच नाही!

पत्ता असतो तो दगडाखालच्या किड्यांना. कारण ते महिनोन् महिने तिथंच राहतात.

वाहत्या पाण्यातला एखादा दगड हलकेच उलटा करा. सहा पायांचं, शेपटीला बहुधा तीन केस असलेलं चपटं पिल्लू लगबगीनं पळेल. ते मेफ्लाय नावाच्या माशीचं. पोटाच्या कडांना असलेल्या कल्ल्यांनी ते पाण्यातला प्राणवायू घेतं. पंख फुटल्यावर मात्र ही माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते, तेही उपाशीपोटी! शेजारी वाळूचे कण चिकटवलेली इवलीशी नळी दिसली, तर ते कॅडिसफ्लायच्या अळीचं घर. तोंडातून रेशीम काढून ती ते बांधते.

आता नदीत सांडपाणी आलं, की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. मेफ्लायच्या बऱ्याच जाती तिथं तग धरत नाहीत. उरतात चिखलातल्या लालभडक अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून थोडक्या प्राणवायूवर त्यांचं भागतं. नुसत्या लाल अळ्याच दिसल्या, तर समजा, नदी आजारी आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन या शास्त्रज्ञांनी १९०९ सालीच अशा प्राण्यांवरून पाण्याची प्रत ठरवायची रीत मांडली होती.

आपली कुंडलिका घ्या. भिरा, कोलाड, रोहा करत ती रेवदंड्याला समुद्रात जाते. वाटेत धाटावची औद्योगिक वसाहत लागते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत महाराष्ट्रातले ५३ होते आणि कुंडलिकाही होती. म्हणजे साक्षीदारांची गरज आपल्या दारातच आहे!

एक मात्र ध्यानात ठेवा. खाडीत भरतीचं खारं पाणी येतं आणि हे किडे गोड्या पाण्यातले. तिथं ते दिसले नाहीत, म्हणून लगेच खाडीला घाण म्हणू नका.

पाऊस सरल्यावर आई-बाबांना घेऊन गावच्या ओढ्यावर जा. एकटे जाऊ नका. कुंडलिकेत तर मुळीच उतरू नका. वीजघरातून पाणी सुटलं की ती एकाएकी वाढते. पाच दगड बघा, काय दिसलं ते तारखेसह वहीत लिहा आणि दगड होता तसाच ठेवा. ते कुणाचं तरी घर आहे. दर महिन्याला त्याच जागी जा. वर्षभरानं तुमची वही त्या ओढ्याबद्दल जे सांगेल, ते एका बाटलीला सांगता येणार नाही.