वाण आधी आपल्या रानात तपासा

१९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट बुटके, कडबा कमी आणि काढणीला पाऊस लागला की कणीस काळे. संशोधकांनी क्विंटल मोजले; आपण बैलांची वैरणही मोजतो. उलट मोहोळला गावरान ज्वारीतून स्वातंत्र्याआधी निवडलेली मालदांडी ३५-१ रब्बीत आजही पेरली जाते. ती दाणाही देते, कडबाही.

शेतकरी भावांनो, आपले म्हणणे एवढेच: नवे वाण बाजारात येण्याआधी कोरडवाहू रानात, पावसाच्या भरवशावर दोन-तीन हंगाम पेरले जावे. पसंती आपल्याला विचारावी, मायबहिणींनाही विचारावी. भाकरी त्याच थापतात. चाचणी फसली तर संस्थेचा एक वाफा जातो. वाण फसले तर आपले वर्ष जाते.