गिमवीचा धडा: गोगलगायींवर लक्ष हवे

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील गिमवी या गावाचे नाव परजीवीशास्त्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. गावातील रुग्णांच्या लघवीत शिस्टोसोमा या पर्णकृमीची अंडी आढळल्याचे आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा यांनी १९५२ मध्ये जाहीर केले. मुख्यतः आफ्रिका आणि पश्चिम आशियातील समजला जाणारा हा आजार तत्कालीन मुंबई राज्यात स्थानिक स्वरूपात आढळला होता. फेरिसिया टेन्युइस ही गोड्या पाण्यातील चिमुकली गोगलगाय त्याचा मधला यजमान असल्याचेही पुढे त्यांनी दाखवले.

या कृमीचे जीवनचक्र गोगलगायीशिवाय पूर्ण होत नाही. अंड्यातून निघालेली अळी गोगलगायीच्या शरीरात शिरते आणि तेथे तिची संख्या प्रचंड वाढते. नंतर हजारो अळ्या पाण्यात सुटतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या त्वचेतून शरीरात शिरतात. म्हणूनच केवळ रुग्णांना औषध देऊन भागत नाही. पाणवठ्यात मलमूत्र मिसळत राहिले, तर संसर्ग परतू शकतो.

भारतात आज या कृमींचा मोठा फटका पशुधनाला बसतो. लिम्निया गोगलगायींमधून पसरणारा फॅसिओला हा कृमी गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांच्या यकृताची हानी करतो. इंडोप्लॅनॉर्बिस ही गोगलगाय जनावरांच्या शिस्टोसोमाची वाहक आहे. त्याच्या अळ्यांमुळे भातखाचरात राबणाऱ्यांच्या पायांना खाज सुटते.

सिंचनाचा विस्तार आवश्यकच आहे. परंतु साचलेले गोडे पाणी गोगलगायींनाही मानवते. सेनेगलमध्ये १९८६ साली डियामा धरण उभे राहिले आणि अवघ्या दोन वर्षांत रिशार-टोल परिसरात शिस्टोसोमाची साथ दिसू लागली. जगभरात आजही २५ कोटींहून अधिक लोकांना या आजारावर प्रतिबंधात्मक उपचारांची गरज आहे.

महाराष्ट्रात शेततळ्यांची संख्या वाढत असताना हा अनुभव दुर्लक्षून चालणार नाही. तळे खोदताना जनावरांसाठी स्वतंत्र पाणवठा, काठावरील गवताची छाटणी आणि गोगलगायींची नियमित तपासणी यांची तरतूद त्याच आराखड्यात असावी. आरोग्य, पशुसंवर्धन आणि जलसंधारण हे विभाग वेगवेगळे असले, तरी कृमीचा प्रवास तिन्हींच्या हद्दींतून होतो. तपासणीही तशीच एकत्रित असायला हवी.