बीव्हर क्रीक ही तळटीप नव्हे

अमेरिकेतील नॉर्वेजियन वसाहतींच्या इतिहासात बीव्हर क्रीकला बहुधा एवढेच स्थान मिळते : गाव वसले, तापाने उठले. पुढे यशस्वी गावांची वर्णने सुरू होतात. हा लेखनाचा संक्षेप नसून अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घराण्यांतही टिकलेल्यांचेच वंशवृक्ष काढले जातात, म्हणून ही चूक आपण तरी ओळखावी.

१८३७ च्या वसंतात ‘एगिर’ जहाजाने बर्गेनहून ८४ माणसे निघाली. त्यांत ओले रिनिंग हा धर्मोपदेशकाचा सुशिक्षित मुलगा होता. शिकागोला पोहोचल्यावर फॉक्स नदीकाठच्या आधीच्या नॉर्वेजियन वस्तीविषयी प्रतिकूल मते त्यांच्या कानी आली, आणि जागा शोधण्यास रिनिंगसह चौघे दक्षिणेकडे गेले. इलिनॉयमधील बीव्हर क्रीकची जमीन त्यांनी पाहिली ती उन्हाळा सरताना, कोरडी असताना. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर. डोंगर आणि खाड्यांच्या देशातून आलेल्यांना त्या सपाट गवताळ रानातले पाणी कसे ओळखू यावे? पुढच्या वसंतात शेते पाण्याखाली गेली आणि १८३८ च्या उन्हाळ्यात हिवतापाने घरेच्या घरे रिकामी केली. (त्या तापाचे डासाशी असलेले नाते रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादला उलगडले ते १८९७ मध्ये, हैदराबादकर वाचकांना ते सांगायला नको.)

रिनिंगवर ठपका ठेवणारे म्हणतात, स्वतः दलदलीत बसून त्याने अमेरिकेची जाहिरात केली. हा आरोप तारखांपुढे टिकत नाही. त्याने आपला ‘अमेरिकेचा सत्य वृत्तान्त’ लिहिला तो पाय गोठल्याने अंथरुणाला खिळलेला असताना, पुरापूर्वीच्या हिवाळ्यात. आजारांच्या धोक्याचा प्रश्न त्याने स्वतंत्रपणे घेतला आहे. गुलामगिरीमुळे उत्तर-दक्षिणेत फाटाफूट किंवा रक्तपात होईल, हेही त्याने तेव्हाच सांगून ठेवले. असा मनुष्य जाहिरातदार कसा? आन्स्टेन नाटेस्टाडने १८३८ मध्ये हस्तलिखित नॉर्वेला नेले आणि ते त्याच वर्षी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत, छापले गेले. त्याच शरदात रिनिंग वारला. त्याच्या थडग्यावर खूण नाही. वाचलेले बहुतेक फॉक्स नदीकडे परतले. १८४० मध्ये शेवटचा रहिवासीही निघून गेला.

पुस्तकाचा गौरव करायचा आणि ज्या खाटेवर ते लिहिले गेले ते गाव वगळायचे, ही सोयीची स्मृती झाली. शिवाय ती ऐतिहासिकदृष्ट्याही चूक आहे. आन्स्टेनचा भाऊ ओले नाटेस्टाड बीव्हर क्रीक सोडून १८३८ मध्येच विस्कॉन्सिनमधील जेफर्सन प्रेअरी येथे गेला होता. १८३९ मध्ये शंभरावर माणसे घेऊन आन्स्टेन परतला तेव्हा रिनिंगच्या मृत्यूची वार्ता त्याला कळली. त्याने भावाचीच वाट धरली, आणि त्या तांड्यातील पुष्कळ कुटुंबे त्याच्यामागोमाग जेफर्सन प्रेअरीला उतरली.