‘स्युडोमोनास’ या रिपोर्टवर थांबू नका

पावसाळ्यात कोकण-गोव्याच्या पट्ट्यात तापाचा रुग्ण समोर आला की मलेरिया, डेंगी, लेप्टो ही नावे ओळीने मनात येतात. मेलिऑइडोसिस बहुतेकांना आठवतच नाही. मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या रुग्णात तो आठवायलाच हवा, असे आमचे ठाम मत आहे.

आजार नवा नाही. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी 1912 साली रंगूनमधून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बर्खोल्डेरिया स्युडोमॅलेई हा त्याचा जिवाणू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. मधुमेह असलेल्यांना त्याचा धोका सर्वाधिक, आणि निकामी होत चाललेली मूत्रपिंडे तो आणखी वाढवतात. आपल्या ओपीडीत हे दोन्ही विकार एकाच माणसात रोज दिसतात. तो माणूस भातलावणीला चिखलात उतरला होता का, हे विचारायला अर्धे मिनिटही लागत नाही. उडुपी-मंगळूरच्या किनाऱ्यावर असे रुग्ण वर्षानुवर्षे सापडत आहेत, गोव्यातही सापडले आहेत. तीच माती आणि तोच पाऊस असलेल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीत हा जिवाणू नसेल, असे मानायला काहीही आधार नाही.

खरी अडचण निदानात आहे. युरेमियात ताप चढेलच असे नाही. सीआरपी आणि प्रोकॅल्सिटोनिन आधीपासूनच वाढलेले असू शकतात. डायलिसिसच्या कॅथेटरवरचा रुग्ण थंडीने कुडकुडू लागला की दोष कॅथेटरला दिला जातो आणि व्हँकोमायसिन-जेंटामायसिन सुरू होते. या जिवाणूवर व्हँकोमायसिनचा उपयोग नाही, जेंटामायसिनचाही सहसा नाही. फिस्टुलासाठी शिरा राखायच्या म्हणून ब्लड कल्चरची एकच बाटली घेतली जाते, तीही अँटिबायोटिक दिल्यानंतर. शिरा राखाव्यातच, पण हाताच्या पंजामागची शीर आहे, डायलिसिसचे सर्किट आहे. औषधाआधी दोन संच घेणे अशक्य नाही.

कल्चर वाढले तरी काम संपत नाही. प्रयोगशाळेतून ‘स्युडोमोनास’ एवढाच रिपोर्ट येतो. स्वयंचलित यंत्रेही या जिवाणूला भलत्याच नावाने ओळखतात. अशा वेळी संवेदनशीलतेचा तक्ता स्वतः वाचावा. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनला दाद नाही, पण को-ॲमॉक्सिक्लाव्हला आहे, असे दिसले तर तो नेहमीचा स्युडोमोनास एरुजिनोसा नव्हे. त्याच क्षणी मायक्रोबायॉलॉजिस्टला फोन करावा. नाव चुकले तर उपचार अर्धवट राहतात. पूर्ण उपचार असे: सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान दोन आठवडे शिरेतून, त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोल किमान तीन महिने. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन वाढण्याच्या भीतीने आपण हे शेवटचे औषध टाळतो. मात्रा मूत्रपिंडाच्या क्षमतेनुसार कमी करून आणि रक्त वारंवार तपासून ते देता येते. मध्येच सोडले तर आजार उलटतो.

या पावसाळ्यात एवढे करा: असा रुग्ण असेल तर कल्चरच्या फॉर्मवर ‘मेलिऑइडोसिसची शंका’ असे स्पष्ट लिहा. त्यामुळे प्रयोगशाळा नेमका जिवाणू शोधेल, आणि ती प्लेट हाताळणारा तंत्रज्ञही सावध राहील.