राखेचा मसाला विका, पण 'थंड घर' विकू नका



वणी, मुकुटबन, मारेगाव भागातून फोन आला की विषय बहुतेक एकच. "सर, चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख जवळच आहे, पीएमईजीपीचं लोन होतं. राख मिसळलेल्या तयार मसाल्याच्या बॅगा भरतो आणि 'घर थंड ठेवणारा मसाला' म्हणून विकतो. कसं वाटतं?"

धंदा चांगला आहे. नाव चुकीचं आहे.

हिशोब करा. वीट २३ सेंमी लांब, साडेसात सेंमी उंच आणि सांधा १ सेंमीचा. भिंतीच्या तोंडावर मसाला किती दिसतो? जेमतेम १५ टक्के. राखेमुळे मसाला हलका होतो, उष्णता थोडी कमी वाहतो, हे खरं. पण तेवढ्यावर खोली थंड होत नाही. आणि आपल्याकडे मे महिन्यात ऊन घरात शिरतं ते मुख्यतः वरून, टिनातून नाहीतर स्लॅबमधून. गिऱ्हाईक पंख्याखाली घामाघूम बसेल आणि पहिली शिवी तुमच्या बॅगेला देईल.

"आजीचं मातीचं घर थंड होतं ना?" होतं. पण बीआयएसच्या एसपी ४१ मध्ये मातीच्या विटेची उष्णतावाहकता ०.७५ दिली आहे आणि सिमेंट मसाल्याची ०.७२. म्हणजे फरक जवळपास नाहीच! त्या घरातला गारवा होता हातभर जाडीच्या भिंतीचा.

मग सांध्याला किंमत कुठे आहे? एएसी ब्लॉकच्या भिंतीत. तो ब्लॉक हवेच्या बुडबुड्यांचा, त्याची वाहकता ०.२ च्या आसपास. ६० बाय २० सेंमीच्या ब्लॉकला १ सेंमीचा साधा सांधा दिला तर मसाला असतो फक्त ६ टक्के, पण भिंतीतून जाणाऱ्या उष्णतेचा जवळपास पाचवा भाग त्यातूनच जातो. महागडा ब्लॉक घ्यायचा आणि सांध्यातून गळती! तोच सांधा ३ मिलिमीटरचा केला की हा वाटा ७ टक्क्यांवर येतो. माझं मत विचाराल तर पातळ सांध्याचा, राख घातलेला ब्लॉक जोडायचा मसाला, हे तुमचं प्रॉडक्ट. त्यात पॉलिमर लागतं, बारीक चाळलेली रेती लागते. फावड्याने कालवून जमणार नाही.

कच्च्या मालाची काळजी नको. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं औष्णिक केंद्रांवर १०० टक्के राख वापराची सक्ती आहे, त्यांनाही राख काढायचीच आहे. फक्त तळ्यातली ओली राख उचलू नका. हॉपरची कोरडी घ्या, आयएस ३८१२ चा रिपोर्ट मागा.

खरी अडचण पाण्याची. साध्या मसाल्यात सिमेंट कमी करून राख वाढवली की ताकद हळू येते, पाणी जास्त दिवस मारावं लागतं. उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या गावात मिस्त्री तीन दिवसांत पाइप गुंडाळतो, मग प्लास्टर हातानं खरडलं जातं. म्हणून किती दिवस पाणी मारायचं ते बॅगेवर मोठ्या अक्षरात, मराठीत छापा. 'थंड' हा शब्द छापायचाच असेल, तर आधी एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबमधून वाहकता मोजून घ्या आणि तो आकडा शेजारी छापा.