सीडीत अडकलेले हिशेब आणि लग्ने आताच बाहेर काढा

जुन्नर हे एके काळी हातकागदाचे गाव होते. तेथील कागदी कारागीर मुसलमान होते आणि त्यांचा जुन्नरी कागद दप्तरांत व व्यापाऱ्यांच्या वह्यांत नावाजलेला होता. असा कागद ओल आणि वाळवीपासून जपला तर त्यावरची मोडी दीडदोनशे वर्षांनीही वाचता येते. आपण मात्र 2000 नंतर हिशेबाचे बॅकअप, भागीदारीचे स्कॅन केलेले करार आणि मुलामुलींच्या लग्नांचे चित्रण सीडीवर भरले व कपाटात ठेवून निश्चिंत झालो. घरी किंवा दुकानात भरलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर असते. ऊन आणि उष्णता लागली की तो थर बिघडतो.

कोणी म्हणेल, जुन्या हिशेबाचे आता काय काम? जीएसटीची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावी लागतात. तेव्हा 2005 सालचा हिशेब सरकार बहुधा विचारणार नाही. पण भाऊ-भाऊ दुकानाच्या वाटणीला बसले, की नेमका तोच लागतो.

आमचे मत असे, की हे काम लिनक्सवर करावे. लिनक्स ही मुक्त संगणक प्रणाली आहे. ती फुकट मिळते, वाटता येते आणि त्यात चोरी नाही. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. त्यामुळे पुष्कळ जुने संगणक भंगारात निघत आहेत, आणि सीडी ड्राइव्ह असते ती त्यांच्यातच. नव्या लॅपटॉपमध्ये ती मिळत नाही. तेव्हा जुना संगणक विकू नका. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच तो सुरू करता येतो. हार्ड डिस्कवरचे काही न पुसता.

डिस्क चांगली असेल तर ब्रासेरो किंवा के-थ्री-बी या प्रोग्रामने माउसच्या दोन-चार क्लिकमध्ये पूर्ण प्रत निघते. खरी परीक्षा चरे पडलेल्या डिस्कची. दुकानदार डिस्क घालून पाहतो, संगणक अडकतो, आणि "खराब झाली" असे सांगून ती परत करतो. अशा वेळी डीडीरेस्क्यू वापरावा. तो आधी जे सहज वाचता येते ते उचलतो, बिघडलेला भाग मागे ठेवतो आणि शेवटी त्या भागाकडे पुन्हा वळतो. काय मिळाले, काय राहिले याची नोंद तो एका फाइलमध्ये ठेवतो. म्हणून तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून राहिलेले काम पुढे नेता येते. एकाच मूळ प्रतीवरून काढलेल्या दोन डीव्हीडी, एक मुलीकडची आणि एक मुलाकडची, असतील तर एकीतला खराब भाग दुसरीतून भरून निघू शकतो! यासाठी आज्ञा टाइप कराव्या लागतात, हे खरे. पण ज्याने हातमाग किंवा लेथ शिकला त्याला चार ओळी जड जाऊ नयेत.

लग्नाची व्हीसीडी मात्र वेगळी. तिच्यातली चित्रणाची फाइल नेहमीसारखी कॉपी करायला गेले की लिनक्स चूक दाखवते आणि माणूस डिस्क फेकून देतो. वास्तविक दोष डिस्कचा नसतो. व्हीसीडीत चित्रणाचे तुकडे वेगळ्या मापाने लिहिलेले असतात, चूक सुधारण्याची जागा त्यांतून कमी केलेली असते. व्हीसीडीइमेजर या संचातले व्हीसीडीएक्सरिप हे साधन ते बरोबर उचलते. मुशायऱ्याची किंवा वडीलधाऱ्यांच्या आवाजाची ऑडिओ सीडी असेल तर सीडीपॅरानोया घ्यावे. तो वाचलेले भाग एकमेकांशी ताडून पाहतो, म्हणून वेळ लागतो, लागू द्यावा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. सीडीची चकाकती बाजू आपण जपतो, पण माहितीचा थर नाव लिहिण्याच्या बाजूला, वार्निशच्या पातळ लेपाखाली असतो. त्या बाजूला बॉलपेनने लिहू नये. खालचा चरा घासून काढता येतो, वरचा नाही.

मंचर, नारायणगाव, घोडेगाव, ओतूर येथील फोटो स्टुडिओवाल्यांनी आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलांनी हा धंदा म्हणून करावा. भांडवल म्हणजे एक जुना संगणक, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ड्राइव्ह आणि सवड. 700 एमबीच्या सुमारे 90 सीडी 64 जीबीच्या एका पेन ड्राइव्हवर मावतात. मात्र पेन ड्राइव्हही कायमची नव्हे, म्हणून दुसरी प्रत हार्ड डिस्कवर द्यावी. दर आधी सांगावा, काही निघाले नाही तर घेऊ नये. आणि गिऱ्हाइकाच्या घरातले चित्रण ही अमानत आहे. काम झाल्यावर आपल्या संगणकावरची प्रत त्याच्यासमोर पुसावी.